विजेची जवारी

बदली होऊन दिल्लीस आलेल्या महाराष्ट्रीय माणसास लाल किल्ला दाखवावा लागत नाही. सामान सोडविण्यापूर्वीच तो तेथे जाऊन येतो. परंतु किल्ल्याकडे पाठ करून रस्त्यापलीकडे लक्षपूर्वक पाहणारे थोडेच. चांदणी चौकाच्या तोंडाशी तेथे लजपतराय मार्केट आहे. फाळणीनंतर निर्वासित व्यापाऱ्यांसाठी वसविलेल्या या बाजारात रेडिओचे, ध्वनिवर्धकांचे आणि पुढे दूरचित्रवाणीचे सुटे भाग ढिगांनी विकले गेले. शेजारीच भागीरथ पॅलेस. हा एके काळचा बेगम समरूचा वाडा. आज तो विजेच्या सामानाचा ठोक बाजार आहे. इतिहासाचे अभ्यासक या भागात बेगमेच्या शोधात येतात. आम्हांस या लेखापुरते तेथे वेगळ्याच कामासाठी जावयाचे आहे. विजेच्या गिटारच्या पोटातील तारा, तिचे पिकअप व नाद पालटणारी तिची चावी यांचा इतिहास आम्हांस पाहावयाचा आहे.

विषय ऐकून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. ज्या वाद्याच्या आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडते त्याच्याशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तारांच्या गुंत्यात एक जुनाच प्रश्न दडला आहे. वाद्याचा नाद शेवटी कोणी ठरवावयाचा? ज्याने ते घडविले त्याने, जो ते वाजवितो त्याने, की ज्याच्या हाती राज्ययंत्रणा आहे त्याने? दिल्लीने या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाचे नाव जवारी. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित कललेल्या पृष्ठभागावर नेमकी कोठवर घासत जाते, यावर तिचा झंकार अवलंबून असतो. हा पृष्ठभाग कानसून कारागीर जवारी काढतो, आणि वाजविणारा तारेखाली सुताचा धागा सरकवून तीच जवारी आपल्या कानाला हवी तशी लावतो. खुल्या जवारीत तारसप्तकाकडचे स्वरांश उजळून निघतात. बंद जवारीत तेच दबून नाद गोल होतो. रविशंकरांच्या सतारीची खुली जवारी व विलायतखाँची बंद जवारी हा रसिकांच्या वादाचा आवडता विषय होता. मिरजेस हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात तंबोरे घडवू लागली, आणि त्यांत फरीदसाहेबांचे नाव आद्य म्हणून घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकन लागले तरी जवारी झिजावयाची थांबत नाही; ती पुन्हा पुन्हा काढावीच लागते. वाद्य विकले म्हणजे त्याचा नाद कायमचा ठरला, असे आपल्या परंपरेने कधी मानलेलेच नाही.

म्हणूनच बाजाची पेटी आली तेव्हा आपल्याकडे एवढा गोंधळ उडाला. तिच्या पट्ट्या कारखान्यात ठरून येतात. त्यांना मींडही नाही आणि जवारीही नाही. तिला आपल्या श्रुतींत बसविण्याचा मोठा खटाटोप सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. हे देवल सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, आणि त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी सेवेतील जिल्हा न्यायाधीश. सरकारी दप्तर मिटल्यावर श्रुतींच्या भानगडीत पडणाऱ्या या दोन अधिकाऱ्यांबद्दल आम्हांस नेहमीच जिव्हाळा वाटत आला आहे. त्यांची श्रुतिपेटी १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली. भातखंडे प्रभृतींनी ती मान्य केली नाही. प्रयोग फसला खरा, पण परदेशी कारखान्याचे वाद्य उघडून आतून आपलेसे करावयाचे, ही कल्पना त्यात होतीच.

आता गिटारकडे येऊ. विजेची गिटार ही गोंगाटासाठी जन्माला आली, हा समज मुळातच चुकीचा आहे. हवाई बेटांतील वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवीत, व त्या सरकत्या स्वरांचा आवाज वाद्यवृंदात ऐकू येईनासा होई. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यास देतात. हिंदुस्थानात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या एका माणसाने ती त्याच्याही आधी हवाईत दाखविली होती, अशीही एक आठवण नमूद आहे. ती खरी असो वा नसो, काचेचा गोटा तारेवर फिरवून वाजणारी आपली विचित्र वीणा ज्याने ऐकली आहे, त्यास हवाई गिटार परकी वाटणार नाही. या गिटारला बळ देण्यासाठी जॉर्ज बोशां याने अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकरच्या साहाय्याने १९३१-३२च्या सुमारास अमेरिकेत एक अ‍ॅल्युमिनियमची ओतीव गिटार बनविली. वाटोळे अंग आणि लांब दांडा, यांमुळे लोकांनी तिला तळणीचा तवा असे नाव ठेवले. पहिली यशस्वी विद्युत्‌ गिटार ती हीच. आणि ती मींडेसाठी होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिच्या पेटंटची हकीकत तर आमच्या वाचकवर्गास विशेष रुचावी. हे वाद्य खरोखर चालते काय, अशी शंका पेटंट कचेरीतील परीक्षकांनी काढली. शेवटी सोल होओपीसारख्या नामांकित वादकांना वॉशिंग्टनला धाडून कचेरीतच ते वाजवून दाखवावे लागले. १९३४ साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले ते ऑगस्ट १९३७मध्ये; तोवर इतर कारखानदारांनी आपापल्या विजेच्या गिटारी बाजारात आणल्याही होत्या. फाईल कोठेही गेली तरी तिचा स्वभाव सारखाच, असे म्हणावयास हरकत नसावी.

या गिटारमधील पिकअप म्हणजे लोहचुंबक व त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. ही तार केसासारखी बारीक, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते, आणि एका पिकअपमध्ये तिचे सात-आठ हजार फेरे भरतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यात तितक्याच कंपनांचा विद्युत्प्रवाह उमटतो. हा फॅरडेचा १८३१चा शोध. त्यात नवल उरलेले नाही. नवल पुढेच आहे. वेटोळ्याला जोडलेल्या दोन चाव्यांपैकी एक आवाज कमीजास्त करते, तर दुसरी नाद पालटते. या दुसऱ्या चावीखाली एक फिरता रोधक आणि एक छोटा कंडेन्सर असतो. कंडेन्सर उंच स्वरांशांना सहज वाट देतो, खालच्यांना अडवितो. चावी फिरवून रोध कमी केला की उंच स्वरांश ध्वनिवर्धकाकडे न जाता कंडेन्सरच्या आडवाटेने जमिनीत जिरतात, आणि मागे राहतो तो गोल, दबलेला नाद. उलट फिरवली की नाद पुन्हा उघडतो. ही सुताच्या धाग्याचीच करणी. फरक एवढाच की येथे धागा तारेखाली नसून तारेच्या विजेत आहे.

या चाव्यांची मांडणी ज्याने जगभर रूढ केली तो लिओ फेंडर व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारा होता. १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्याने रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५०मध्ये त्याने दोन पिकअपांची गिटार काढली व तिचे नाव ठेवले ब्रॉडकास्टर. दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांचे नाव जवळजवळ तेच असल्याने ते बदलून १९५१मध्ये टेलिकास्टर केले. दोन्ही नावे प्रक्षेपणाच्या दुनियेतली आहेत, हे रेडिओवाल्याला शोभणारेच होते. १९५२पासून पुढे पंधरा वर्षे या गिटारच्या एका खटक्यावर असा मोठा कंडेन्सर बसविलेला होता की नाद पार मंद होई, आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजविण्याची सोय खटक्यावर नव्हतीच. वादकांनी गिटारी उघडल्या, तारा झाळून (आजच्या बोलीत सोल्डर करून) आपल्याला हवी तशी जोडणी केली. १९६७मध्ये कारखान्याने आपली जोडणी बदलली. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरची कथा तर याहून बोलकी. तिच्यात पिकअप तीन व खटक्याच्या जागा तीन. वादकांनी तो खटका दोन जागांच्या अधेमध्ये अडकवून दोन पिकअप एकदम वाजविण्याची युक्ती काढली. त्यातून निघणारा किंचित पोकळ, काचेसारखा नाद लोकांस इतका आवडला की १९७७पासून कारखान्याने पाच जागांचा खटका बसविण्यास आरंभ केला. शिवाय घोडीजवळच्या पिकअपला या गिटारमध्ये नादाची चावीच दिलेली नव्हती. खटक्याच्या मोकळ्या टोकापासून चावीपर्यंत एकच तुकडा जोडला की ही उणीव भरून निघते, आणि आजही गिटार उघडणाऱ्या नवशिक्याचा पहिला धडा बहुधा हाच असतो. कंडेन्सरचे मापही स्थिर राहिले नाही, आरंभी ०.१ मायक्रोफॅरडचा असे, मग ०.०५चा आला, पुढे ०.०२२चा. जणू जगभरचे कान हळूहळू खुल्या जवारीकडे झुकत गेले.

इकडे दिल्लीत निराळेच नाट्य चालू होते. नभोवाणीचे दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. तेथील पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला, आणि १ मार्च १९४०पासून नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. ती सैल व्हावयास १९७१ उजाडले. पुढे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे ते जाणते होते, आणि लोकांचा कान सुधारण्याची त्यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीतास मिळालेला मान कोणी नाकारू नये. परंतु चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. १९५२च्या डिसेंबरात सुरू झालेली बिनाका गीतमाला घरोघर पोहोचली, आणि तिच्यातील गीतांबरोबर विजेची गिटारही. लखनौचे व्हॅन शिपले, हजारा सिंग अशा वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात हवाई गिटारचे सरकते स्वर रुळविले होते. पेटीविरुद्ध जो आक्षेप होता तो या वाद्यास लागू पडत नव्हता, ही गंमत पाहण्यासारखी आहे. मींड तर त्याचा प्राणच. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला श्रोत्यांच्या मागे जावे लागले. केसकरांवर टीका करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्यांच्या धोरणातील मूळ अडचण एवढीच दिसते की रेडिओची चावी मंत्रालयाच्या नव्हे, श्रोत्याच्या हाती होती.

ही चावी शब्दशः तीच होती. लोदी कॉलनीतील किंवा रामकृष्णपुरममधील सरकारी क्वार्टरात, टपाल कचेरीतून परवाना काढून ठेवलेल्या त्या मर्फीवर किंवा फिलिप्सवर बातम्यांचा खरखराट कमी करण्यासाठी वडीलधारी मंडळी जी दुसरी चावी फिरवीत, तिच्या मागे फिरता रोधक व कंडेन्सर यांचीच जोडी असे. एवढेच नव्हे, पुष्कळ व्हॉल्व्हच्या रेडिओंना मागील बाजूस ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन छिद्रे ठेवलेली असत, आणि गिटारचा पिकअप तेथे जोडला की रेडिओच तिचा ध्वनिवर्धक होई. आयातनियंत्रणाचा १९५५चा हुकूम ज्यांना तोंडपाठ होता त्या उद्योगभवनातील मंडळींना हे सांगावयास नको की परदेशी गिटार व तिचा ध्वनिवर्धक आणणे त्या काळी कोणा साध्या माणसाच्या आटोक्यातले नव्हते. रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार मात्र किल्ल्यासमोरच भरलेला.

रेडिओचे भाग गिटारमध्ये गेल्याने नादही पालटतो. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला अडीच लाख ओहमचा रोधक लागतो. रेडिओत सर्रास मिळतो तो पाच किंवा दहा लाखांचा. तो बसविला की उंच स्वरांश कमी गळतात व आवाज धारदार होतो. रोधकाची चढण चुकीच्या जातीची असली तर चावी अर्धी फिरेपर्यंत काहीच घडत नाही व मग एकाएकी सगळा नाद बुडतो. यांपैकी काही दोष म्हणून निस्तरले जातात, तर काही आवडू लागतात. धोकाही होताच. ए.सी.-डी.सी. दोहोंवर चालणाऱ्या स्वस्त रेडिओंचा सांगाडा सरळ घरातील विजेच्या तारेस जोडलेला असे. गिटारच्या पोलादी तारा घोडीखालून एका तारेने याच सांगाड्याशी जोडल्या जातात. प्लग उलटा बसला तर वादकाच्या बोटांत घरची वीज उतरे. जाणता कारागीर असा रेडिओ पाहताच मधे विलग ट्रान्सफॉर्मर घालण्याचा आग्रह धरी, आणि तो आग्रह पैशासाठी नसे.

मग हीच युक्ती सतारीस का लागू केली नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. त्याचे उत्तर धातूत आहे. चुंबकीय पिकअप पोलाद ओळखतो. पितळ, कांसे, तांबे यांना तो बहिरा असतो. सतारीची बाजाची तार पोलादी, परंतु जोडीची व खर्जाची तार तशी नव्हे. चुंबक लावला तर बाज ओरडेल आणि खर्ज गप्प बसेल. म्हणून आपल्या तंतुवाद्यांनी पुढे कंपन थेट लाकडातून उचलणारे दुसऱ्या जातीचे पिकअप स्वीकारले. पश्चिमेने मात्र उलटा मार्ग धरला. जुलै १९६६मध्ये मनिलाहून परतताना बीटल्स मंडळी दिल्लीत उतरली, आणि जॉर्ज हॅरिसन याने कॅनॉट प्लेसमधील रिखीराम यांच्या दुकानातून सतार घेतली. हे घराणे लाहोरचे. फाळणीनंतर दिल्लीस आलेले. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, अमेरिकेत कोरल नावाची विद्युत्‌ सतार निघाली. ती खरे तर गिटारच. तिला तेरा तरफा दिल्या, तरफांसाठी वेगळा पिकअप दिला, आणि जवारीचा झंकार यावा म्हणून सपाट घोडी बसविली. हिला आमच्याकडील कोणी सतार म्हणणार नाही; तरीही तिकडच्या कारागिराचा कान जवारीपर्यंत येऊन पोहोचला, हे मान्य केले पाहिजे.

दिल्लीच्या वादकाचा खरा वैरी मात्र गुणगुण होय. एकेरी वेटोळे तारेचे कंपन जसे टिपते तसेच घरातील विजेचे पन्नास कंपनेही टिपते. ट्यूबलाइटचे चोक, पंख्यांचे रेग्युलेटर, शेजारचे ट्रान्सफॉर्मर या सगळ्यांचा कोलाहल त्यात शिरतो. जुन्या घरांत जेथे तीन टोकांच्या प्लगची तिसरी तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसे, तेथे तर विचारावयासच नको. वादकाचा हात तारेवर असेपर्यंत गुणगुण कमी, हात उचलला की पुन्हा सुरू. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ साली यावर तोड काढली. दोन वेटोळी शेजारी ठेवावयाची, त्यांचे चुंबक परस्परविरुद्ध आणि गुंडाळणीही परस्परविरुद्ध. तारेचा नाद दोहोंत एकाच दिशेने उमटून वाढतो. बाहेरची गुणगुण उलटसुलट होऊन आपापसांत विरते. पेटंट १९५९मध्ये मिळाले. नाद मात्र यात जाड व गोल होतो, म्हणून पुष्कळ वादक ही दोन वेटोळी पुन्हा विलग करणारा खटका बसवून घेतात आणि गुणगुण पत्करून उजळ नाद मागतात. शांततेसाठी नाद देऊन टाकावा की नादासाठी गुणगुण सोसावी, याचा निकाल ज्याचा त्याने लावावयाचा असतो.

१९९०मध्ये दिल्लीत इंडियन ओशन हा वाद्यवृंद उभा राहिला, १९९१मध्ये परिक्रमा. त्याच वर्षीच्या जुलैत आर्थिक धोरण पालटले आणि आयातीची बंधने सैल होऊ लागली. आता नोएडा किंवा गुरुग्राममधील तरुणाच्या दारात परदेशी पिकअप कुरियरने येतो. लजपतराय मार्केट ६ जानेवारी २०२२च्या आगीत बरेच होरपळले, तरी बाजार चालूच राहिला. नव्या पिकअपला चार रंगांच्या चार तारा असतात, आणि प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे. एका कंपनीची लाल तार ते दुसरीची हिरवी. रंगांवर विश्वासून दोन वेगळ्या घरचे पिकअप एकत्र जोडले तर ते परस्परांस खोडून काढतात, आणि एवढ्या महागड्या गिटारमधून डबा बडविल्यासारखा आवाज निघतो. म्हणून जाणता कारागीर रंग पाहत नाही. तो पिकअपच्या दोन टोकांना मीटर लावतो, लोखंडी पेचकस चुंबकावर हलकेच टेकवतो आणि मीटरची सुई उजवीकडे सरकते की डावीकडे ते पाहतो. मग दुसऱ्या पिकअपवर तेच. दोन्ही सुया एकाच बाजूला झुकल्या तर जोडणी बरोबर. नाहीतर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल. या कामासाठी आकडे दाखविणाऱ्या नव्या मीटरपेक्षा सुईचा जुना मीटर अधिक सोयीचा पडतो, कारण आकडा डोळ्यांसमोरून निघून जातो आणि सुई कोठे वळली ते लक्षात राहते.